विश्लेषण : मायक्रोवेव्ह पॉपकॉर्न खरेच घातक आहेत का? धोका दाण्यात की पाकिटात?

सिनेमा लावायचा, पाकीट मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचे आणि दोन-तीन मिनिटांत बटरचा वास घरभर. शनिवार-रविवारी अनेक शहरी घरांतले हे ठरलेले चित्र. दुसरीकडे ‘या पॉपकॉर्नमुळे फुप्फुसे निकामी होतात’, ‘पाकिटामुळे कर्करोग होतो’ असे संदेशही मोबाइलवर फिरत असतात. हे संदेश पूर्ण खोटे नाहीत, पण अर्धवट आहेत.

दाण्यात दोष आहे का?

नाही. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या खाणाऱ्या महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. पॉपकॉर्न म्हणजे मक्याची लाहीच. साल आणि अंकुरासह अख्खे धान्य पोटात जाते. तेल न घालता फोडलेल्या १०० ग्रॅम पॉपकॉर्नमध्ये सुमारे ३८५ कॅलरी, १२ ते १३ ग्रॅम प्रथिने आणि १४ ते १५ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. एका वेळी मोठा वाडगाभर खाल्ले तरी वजन भरते जेमतेम २५ ग्रॅम, म्हणजे ९५ च्या आसपास कॅलरी. तेलात फोडले की १०० ग्रॅममागे हाच आकडा ५०० च्या घरात जातो.

पाकिटात नेमके काय घडते?

दाण्यात साधारण १४ टक्के पाणी असते. तापमान १८० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की आतल्या वाफेचा दाब सालीला सोसवत नाही आणि दाणा फुटतो. त्यासाठी पाकिटाच्या एका बाजूला धातूचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. तो सूक्ष्मलहरी शोषून तव्यासारखा तापतो. पाकीट ठरलेली बाजू खाली करून ठेवा, ही सूचना त्यासाठीच. आता इतक्या उष्णतेत तेल कागदातून झिरपू नये म्हणून अनेक वर्षे कागदावर ‘पीएफएएस’ गटातील रसायनांचा लेप दिला जात असे.

कर्करोगाची भीती इथून आली. ही रसायने सहजी विघटित होत नाहीत आणि त्यातील काही शरीरात वर्षानुवर्षे साठून राहतात. यापैकी ‘पीएफओए’ला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या यादीत टाकले. अमेरिकेतील सुमारे दहा हजार लोकांच्या माहितीवर आधारित २०१९ च्या अभ्यासात, नियमित पॉपकॉर्न खाणाऱ्यांच्या रक्तात पीएफएएसचे प्रमाण जास्त आढळले. मात्र ती माहिती २००३ ते २०१४ या काळातील होती. डेन्मार्कने २०२० मध्ये खाद्यपदार्थांच्या कागदी वेष्टनात या रसायनांवर बंदी घातली. अमेरिकेत असे लेप बाजारातून गेल्याचे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले. तेव्हा ‘पीएफएएस-मुक्त’ असा उल्लेख पाकिटावर आहे का, हे पाहून घेणे शहाणपणाचे.

‘पॉपकॉर्न लंग’ कुणाला झाला?

खाणाऱ्यांना नव्हे, बनवणाऱ्यांना. अमेरिकेतील मिसुरी राज्यात जॅस्पर इथल्या एका कारखान्यात काम केलेल्या आठ जणांना फुप्फुसातील सूक्ष्म श्वासनलिका आक्रसण्याचा दुर्मीळ आजार झाल्याचे २००० मध्ये समोर आले. हा आजार बरा होत नाही. बटरचा वास देणारे ‘डायअसिटिल’ हे रसायन गरम तेलात मिसळण्याचे काम करणाऱ्यांना सर्वाधिक त्रास झाला होता. रसायन पोटात गेल्याने नव्हे, रोज तासन् तास त्याची वाफ छातीत गेल्याने. कोलोरॅडोतील एका ग्राहकाला मात्र न्यायालयाने २०१२ मध्ये ७० लाख डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. तो अनेक वर्षे रोज साधारण दोन पाकिटे खात असे आणि उघडल्याबरोबर येणारी वाफ मुद्दाम हुंगत असे. मोठ्या अमेरिकी कंपन्यांनी २००७ नंतर डायअसिटिल काढून टाकले. तरी वाफेतील रसायने मुख्यतः पाकीट उघडतानाच बाहेर पडतात. त्यामुळे मिनिटभर थांबून, तोंडापासून दूर धरून ते उघडावे.

मग रोजचा धोका कोणता?

खरी गोम पाकिटामागच्या बारीक अक्षरांतील तक्त्यात आहे. आकडे बहुधा ‘प्रति सर्व्हिंग’ असतात. समजा, ३० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे आणि ९० ग्रॅमचे पाकीट एकट्याने संपवले, तर ९०० मिलिग्रॅम पोटात गेले. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा २००० मिलिग्रॅम आहे. म्हणजे जेवणाआधीच जवळपास निम्मा कोटा संपला. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. तेलाचेही तसेच. भारतात २०२२ पासून तेल-वनस्पतीतील ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण पाम तेल वापरले असेल तर त्यातील जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते. ‘शून्य ट्रान्स फॅट’ या ठळक अक्षरांतून ते कळत नाही.

घरी काय करता येईल?

किराणा दुकानात पॉपकॉर्नचा सुटा मका मिळतो. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेल, मूठभर दाणे आणि वर किंचित तिरके झाकण एवढे पुरते. मीठ शेवटी, हळद-तिखट आवडीप्रमाणे. मायक्रोवेव्हच वापरायचा असेल तर त्यात चालणारे काचेचे झाकणाचे भांडे घ्यावे. साध्या खाकी पिशवीत दाणे घालून ठेवू नयेत, ती पेट घेऊ शकते. आणि चार वर्षांखालील मुलांना पॉपकॉर्न कोणत्याही प्रकारचे देऊ नयेत, घशात अडकून गुदमरण्याचा धोका असतो.