मोबाईलवरील ‘हॅकिंग’ : विद्या आणि परवानगी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते गणित तपासताना उत्तराआधी रीत पाहत. उत्तर बरोबर आणि रीत चुकीची असेल तर गुण देत नसत. आज मी ज्या विद्येविषयी बोलणार आहे, तिच्यातही रीतीलाच सर्वाधिक महत्त्व आहे. म्हणून आरंभी त्यांचे स्मरण करतो.

काही दिवसांपूर्वी नववीतल्या एका मुलाने मला विचारले, “काका, मोबाईलवर हॅकिंग शिकता येते का?” त्याने त्यासाठी एक अ‍ॅप उतरवूनही घेतले होते. मी पाहिले, तर ते अ‍ॅप धडा सुरू करण्याआधी मोबाईलमधील संदेश वाचण्याची, सारे दूरध्वनी क्रमांक पाहण्याची आणि मायक्रोफोन वापरण्याची परवानगी मागत होते. मी विचारले, “धडे शिकवणाऱ्याला तुझ्या वडिलांचे संदेश कशाला वाचायचे आहेत?” बँकेचा ओटीपी संदेशातूनच येतो, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. दुसऱ्याचे कुलूप उघडायला निघालेल्या मुलाने आपल्याच घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती दिली असती. आम्ही ते अ‍ॅप काढून टाकले. या विद्येतील त्याचा पहिला धडा तोच झाला : कोण काय मागतो आहे आणि कशासाठी, हे विचारावे.

‘हॅकर’ हा शब्द मुळात वाईट नव्हता. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत छोट्या आगगाड्यांच्या प्रतिकृती चालवणारे विद्यार्थ्यांचे एक मंडळ होते. यंत्र उघडून त्याची रचना समजून घेणाऱ्या आणि त्यातून नवी युक्ती काढणाऱ्या मुलांना तेथे हॅकर म्हणत. चोरीचा अर्थ त्याला पुढे चिकटला. म्हणूनच आता, मालकाच्या संमतीने त्याच्या यंत्रणेतील उणिवा शोधून त्यालाच कळवण्याच्या कामाला ‘एथिकल’, म्हणजे नीतीने केलेले हॅकिंग असे वेगळे नाव द्यावे लागते.

हे काम मंचेरियलच्या लोकांना समजावून सांगणे अवघड नाही. आपल्या शेजारी श्रीरामपूर आणि मंदमर्री परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. भुयारी खाणीत मायनिंग सरदार आपल्या भागाची तपासणी करतो. काठीने छत ठोकून तो आवाज ऐकतो. आवाज पोकळ आला तर तेथे धोका आहे, हे तो ओळखतो. वायू साठला आहे का, हेही पाहतो आणि जे आढळले ते नोंदवहीत लिहितो. त्याच्याजवळ पात्रतेचा दाखला असतो, त्याची रीतसर नेमणूक झालेली असते आणि त्याचा भाग ठरवून दिलेला असतो. नीतीने हॅकिंग करणारा मनुष्य हा संगणकाच्या खाणीतला सरदारच होय. नेमणूक, ठरलेली हद्द आणि नोंद या तीन गोष्टी त्यालाही सुटत नाहीत.

छत ठोकून पाहिले नाही तर काय होते, याचे उदाहरण पुण्यात घडले. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा मागणी आधी बँकेच्या ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेकडे जाते. ती मुख्य संगणकाला शिल्लक विचारते आणि मग होकार किंवा नकार कळवते. चोरांनी या वाटेवर स्वतःचा खोटा स्विच बसवला. तो मुख्य संगणकाला काही न विचारताच होकार देऊ लागला. ११ ऑगस्टला अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. १३ ऑगस्टला बँकाबँकांमधील स्विफ्ट या संदेशव्यवस्थेतून जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगमधील एका खात्यात वळवले गेले. पुढे २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले. तिजोरी कोणी फोडली नव्हती. दोन यंत्रांमधल्या विश्वासाची जागा पोकळ निघाली होती. ती आधी ठोकून पाहणारी माणसे देशाला हवी आहेत आणि ती आपल्या गावातूनही निघू शकतात.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. घरी संगणक नसेल तर मोबाईलवर आरंभ करता येतो का? येतो. मोबाईल हाही एक पुरा संगणकच आहे. अँड्रॉइड मोबाईलवर ‘टर्मक्स’ नावाचे विनामूल्य अ‍ॅप मिळते. ते निर्मात्यांनी सांगितलेल्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे. त्यात चित्रे नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायच्या आणि उत्तर वाचायचे. ‘एलएस’ लिहिले की फायलींची यादी दिसते, ‘सीडी’ने एका कप्प्यातून दुसऱ्यात जाता येते, ‘कॅट’ने फाइल वाचता येते. पहिला महिना एवढ्यातच गेला तरी तो वाया गेला असे समजू नये. बाराखडी आल्यावाचून निबंध लिहिता येत नाही.

त्यानंतर ‘ओव्हर द वायर’ या संस्थळावरील ‘बँडिट’ हा खेळ खेळावा. दूरच्या संगणकावर प्रवेश करायचा, तेथे दडवलेला पासवर्ड शोधायचा आणि त्याने पुढची पायरी उघडायची, अशी त्याची रचना आहे. तो संगणक सरावासाठीच ठेवलेला असल्यामुळे तेथे संमती आधीच मिळालेली असते. मोबाईलच्या मर्यादाही ओळखाव्यात. पडदा लहान, चिन्हे लिहिणे कष्टाचे. “एका बोटाने शेजाऱ्याच्या वाय-फायचा पासवर्ड मिळवा” असे सांगणाऱ्या अ‍ॅपवर तर मुळीच विश्वास ठेवू नये. आसपासच्या वाय-फायचे सारे वहन ऐकण्याची सोय सर्वसाधारण मोबाईलमध्ये नसते.

या विद्येला गणिताचा आधार आहे. इंग्रजीतील २६ लहान अक्षरांपासून आठ अक्षरी पासवर्ड सुमारे २०,८८२ कोटी होतात. संख्या अफाट वाटते. परंतु चोरलेल्या यादीवर एखादा संगणक सेकंदाला १०० कोटी अंदाज तपासू लागला, तर साडेतीन मिनिटांत सारे संपतात. तोच पासवर्ड बारा अक्षरी केला, तर त्याच संगणकाला सुमारे तीन वर्षे लागतात. केवळ चार अक्षरांनी एवढा फरक पडला! मात्र ती अक्षरे आपले नाव किंवा गावाचे नाव असतील, तर हा हिशेब व्यर्थ आहे, कारण चोर ओळखीच्या शब्दांपासूनच आरंभ करतो. हे गणित कागदावर करून पाहावे आणि मग घरातल्या सर्वांचे पासवर्ड बदलावेत. ही पहिली समाजसेवा.

शेवटी कायदा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ४३ चा सारा भर मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवर आहे. तिच्यावाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरले, तर नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. “मी केवळ कुतूहलाने पाहिले” हे उत्तर तेथे पुरत नाही. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले, तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मित्राचा मोबाईल, शाळेचा संगणक, शेजाऱ्याचे वाय-फाय यांपैकी काहीही याला अपवाद नाही. सहज वापरात एखादी उणीव दिसलीच, तर तेथेच थांबावे, काही उतरवून घेऊ नये, मित्रांत मिरवू नये. जे दिसले ते लिहून मालकाला किंवा केंद्र शासनाने २००४ पासून चालवलेल्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेला कळवावे.

मित्रहो, खाणीतला सरदार आणि कोळसा चोरायला उतरलेला मनुष्य, दोघांनाही खाणीतल्या वाटा ठाऊक असतात. दोघांचे ज्ञान सारखे असू शकते. एक नेमणूक घेऊन उतरतो आणि वर येऊन नोंद करतो, दुसरा हे दोन्ही करीत नाही. त्या मुलाने परवा मला बँडिटची सातवी पायरी ओलांडल्याचे सांगितले. मी त्याला विचारले, “रीत वहीत लिहिलीस का?” तो हसला आणि त्याने वही पुढे केली. आपल्या गुरुजींनी त्याला पूर्ण गुण दिले असते.