बाजूला होणं आणि आडवं येणं

लेखमाला : औषधाच्या दुकानातला कायदा – भाग ५

६ जुलै २००२, शनिवार. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मेनोमनी नावाचं लहानसं गाव आहे. गावात विद्यापीठ असल्यामुळे विद्यार्थ्यांची वर्दळ असते. तिथल्या एका मोठ्या दुकानाच्या औषधविभागात एक विद्यार्थिनी गर्भनिरोधक गोळ्यांचं पुढचं पाकीट घ्यायला आली. डॉक्टरांची चिठ्ठी त्याच दुकानात नोंदवलेली होती आणि चिठ्ठीवरची पाकिटं अजून शिल्लक होती. काम दोन मिनिटांचं. पण काउंटरमागच्या फार्मासिस्टनं तिला विचारलं, या गोळ्या गर्भ राहू नये म्हणून घेता का? ती हो म्हणाली. मग माझ्या धर्मात हे बसत नाही, मी देणार नाही, असं त्यानं सांगितलं.

गोष्ट इथे संपली असती तर त्या माणसाचं नाव राज्याबाहेर कुणाला कळलंही नसतं. ती मुलगी दुसऱ्या दुकानात गेली. अमेरिकेत चिठ्ठी एका दुकानातून दुसऱ्या दुकानात वळवता येते. त्यासाठी एका फार्मासिस्टनं दुसऱ्याला फोनवर तपशील द्यायचा असतो. दुसऱ्या दुकानातून फोन आला, आणि त्यानं तपशील द्यायलाही नकार दिला. तो दिला तर आपणही त्या पापाचे वाटेकरी होऊ, अशी त्याची धारणा होती. शनिवार गेला, रविवार गेला. मुलीच्या हातात पाकीट पडेपर्यंत पहिली गोळी चुकली होती.

एक गोळी चुकली तर एवढं काय बिघडलं, असं वाटू शकतं. या गोळ्या साधारणपणे २१ दिवस घेऊन ७ दिवस थांबायचं असतं. त्या सात दिवसांत अंडाशय हळूहळू जागं होत असतं आणि नव्या पाकिटाची पहिली गोळी त्याला वेळेवर पुन्हा झोपवते. मधली कुठली तरी गोळी विसरण्यापेक्षा पाकिटाची सुरुवात लांबणं जास्त धोक्याचं, ते यामुळेच. हे त्या फार्मासिस्टला नक्कीच ठाऊक होतं, कारण तो त्याच विषयात शिकलेला होता.

विस्कॉन्सिनच्या फार्मसी परीक्षा मंडळानं २००५ मध्ये त्याच्यावर ठपका ठेवला. त्याला नीतिशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण करायला लावला. यापुढे कुठेही नोकरी धरण्याआधी आपण काय देणार नाही आणि तशा वेळी रुग्णाची सोय कशी होईल, हे मालकाला लेखी कळवण्याचं बंधन घातलं. २००८ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयानं हा ठपका योग्य ठरवला. यातला बारकावा महत्त्वाचा आहे. गोळ्या दिल्या नाहीत म्हणून त्याला दोषी धरलेलं नव्हतं. त्याच्या या मताची दुकानाला आधीपासून कल्पना होती आणि दुसऱ्या फार्मासिस्टनं काम उरकण्याची सोयही ठरलेली होती. दोष होता तो मुलीला तिच्यापुढचे पर्याय न सांगण्याचा आणि चिठ्ठी अडवून धरण्याचा.

अमेरिकेतल्या फार्मासिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेनं १९९८ सालीच या बाबतीत आपलं धोरण ठरवलं होतं. सद्सद्विवेकबुद्धीला पटत नसेल तर फार्मासिस्टनं बाजूला व्हावं, तो त्याचा हक्क. पण रुग्णाला औषध मिळेल अशी व्यवस्था आधीच लावून ठेवलेली असली पाहिजे. त्यानं बाजूला व्हावं, आडवं येऊ नये. हे धोरण माणुसकीचं आहे. आपल्याला घोर पाप वाटतं ते स्वतःच्या हातानं करायला एखाद्याला भाग पाडणं ही लहान गोष्ट नाही, आणि ते तसं मानायलाच हवं. पण बाजूला होण्यासाठी शेजारी दुसरं कुणीतरी उभं असावं लागतं. प्रश्नाची खरी गाठ तिथे आहे. शहरात शेजारी दुसरा माणूस असतो. खेड्यात नसतो.

मिनेसोटा राज्यातलं मॅकग्रेगर हे असंच जेमतेम चारशे वस्तीचं गाव. जानेवारी २०१९ मध्ये तिथली एक बाई तातडीच्या गर्भनिरोधक गोळीची चिठ्ठी घेऊन गावातल्या दुकानाशी बोलली. फार्मासिस्टनं श्रद्धेचं कारण देऊन नकार दिला. उद्या दुसरा फार्मासिस्ट येईल, पण बर्फाचं वादळ येतंय, त्यामुळे तो येईलच असं नाही, असंही सांगितलं. अखेर तिनं बर्फातून गाडी हाकली. गोळी घेऊन घरी परत येईपर्यंत शंभर मैलांच्या वर, म्हणजे १६० किलोमीटरहून जास्त प्रवास झाला.

हे औषध घड्याळाशी बांधलेलं आहे. लिव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी संबंधानंतर ७२ तासांत घ्यायची, आणि जितकी लवकर तितकी बरी. मॅकग्रेगरच्या चिठ्ठीवर होती ती युलिप्रिस्टल. ती १२० तासांपर्यंत चालते, पण अमेरिकेत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. दोन्ही गोळ्यांचं मुख्य काम एकच : अंडाशयातून बीज बाहेर पडणं लांबवणं. बीज सुटण्याच्या आधी एलएच नावाच्या संप्रेरकाची लाट उसळते. लाट चढायला लागल्यावर लिव्होनॉर्जेस्ट्रेलचा फारसा उपयोग होत नाही. युलिप्रिस्टल लाट चढायला लागल्यावरही काम करते, मात्र लाट शिखराला पोचण्याआधी. एकदा बीज सुटलं की दोन्ही हतबल. म्हणून या बाबतीत ‘उद्या या’ हे उत्तर शब्दात होकारासारखं आणि परिणामात नकारासारखं असू शकतं.

श्रद्धेच्या बाजूनं एक आक्षेप वर्षानुवर्षं घेतला जात होता : ही गोळी फलित बीजाला गर्भाशयात रुजू देत नसेल, तर तो गर्भपातच झाला. लिव्होनॉर्जेस्ट्रेलच्या वेष्टनावरच्या माहितीत तशी शक्यता लिहिलेली होती, त्यामुळे आक्षेप घेणाऱ्यांना हवेत बोलता असं म्हणायची सोय नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तो मजकूर काढला आणि ही गोळी रुजण्याच्या क्रियेत अडथळा आणत नाही असं स्पष्ट केलं. काहींचा आक्षेप यानं मिटेल, काहींचा मिटणार नाही. गर्भनिरोधनच ज्यांना अमान्य आहे त्यांचा प्रश्न शरीरशास्त्राचा नाही.

मॅकग्रेगरच्या बाईनं दावा लावला. हा लिंगाधारित भेदभाव नाही, असं ज्यूरीनं २०२२ मध्ये ठरवलं. २०२४ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयानं तो निकाल अंशतः फिरवून नव्या सुनावणीचा आदेश दिला.

फ्रान्सनं हा प्रश्न फार आधी आणि फार थोडक्यात सोडवला. बोर्दोजवळच्या साल्बफ गावातल्या एका दुकानाच्या दोन मालक-फार्मासिस्टांनी १९९५ मध्ये तीन स्त्रियांना गर्भनिरोधक गोळ्या नाकारल्या. फ्रान्समध्ये योग्य कारणाशिवाय ग्राहकाला माल नाकारणं हा ग्राहक कायद्याखाली गुन्हा आहे. दोघांना दंड झाला. तिथल्या न्यायालयांत दाद लागली नाही, तेव्हा ते युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. त्या न्यायालयानं ऑक्टोबर २००१ मध्ये त्यांचा अर्ज दाखलच करून घेतला नाही. कारण साधं होतं. या गोळ्या चिठ्ठीवर आणि फक्त औषधाच्या दुकानातच मिळतात. ज्याच्या हाती कायद्यानं विक्रीची किल्ली दिली आहे, त्याला आपली श्रद्धा गिऱ्हाइकावर लादता येणार नाही. ती पाळायला दुकानाबाहेर इतर अनेक वाटा आहेत.

अमेरिकेत इतकं सरळ काही घडत नाही. इलिनॉयच्या गव्हर्नरनी एप्रिल २००५ मध्ये तातडीचा नियम काढला, की चिठ्ठी असेल तर दुकानानं गर्भनिरोधक विनाविलंब द्यावं. हा नियम राज्याच्याच सद्सद्विवेक-संरक्षण कायद्याला अडखळला आणि २०१२ मध्ये अपील न्यायालयात दावेदार फार्मासिस्टांनी बाजी मारली.

वॉशिंग्टन राज्यानं जास्त विचार करून पाऊल टाकलं. २००७ च्या तिथल्या नियमांनी माणूस आणि दुकान यांत फरक केला. फार्मासिस्टला एखादं औषध स्वतःच्या हातानं द्यायचं नसेल तर देऊ नये. त्याच्या जागी दुसऱ्यानं काम करावं अशी सोय मालकानं करावी. पण दुकानाला परवाना मिळालेला आहे, तेव्हा कायदेशीर चिठ्ठीवरचं औषध वेळेत देणं दुकानावर बंधनकारक. भागातल्या रुग्णांना लागतील ती औषधं ठेवणंही बंधनकारक. राजधानी ऑलिंपियातल्या राल्फ्स थ्रिफ्टवे या औषधविभाग असलेल्या किराणा-दुकानाच्या मालक कुटुंबानं याविरुद्ध दावा लावला, कारण इथे आक्षेप मालकांचाच होता. त्यांना तातडीची गर्भनिरोधक गोळी दुकानात ठेवायचीच नव्हती.

हा खटला नऊ वर्षं चालला आणि तो वाचताना मन सहज एका बाजूला झुकत नाही. त्या दुकानापासून पाच मैलांच्या आत तीसहून जास्त दुकानांत ती गोळी मिळत होती. गिऱ्हाइकाला जवळच्या दुकानात पाठवायला मालकांची ना नव्हती. शिवाय एखादं औषध फार महाग आहे, खपत नाही, अशा धंद्याच्या कारणांसाठी दुकानं औषधं ठेवत नसत आणि त्यावर कुणी हरकत घेत नव्हतं. मग फक्त श्रद्धेच्याच कारणावर बोट का? खालच्या न्यायालयाला हा मुद्दा पटला आणि २०१२ मध्ये मालक जिंकले. २०१५ मध्ये अपील न्यायालयानं निकाल फिरवला : नियम सगळ्यांना सारखा आहे आणि त्यातले अपवाद औषध रुग्णापर्यंत पोचावं यासाठीच आहेत. २८ जून २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला. मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स, न्या. थॉमस आणि न्या. अलिटो या तिघांनी त्याला विरोध नोंदवला.

वॉशिंग्टनचा नियम, या सगळ्यानंतरही, योग्य वाटतो. तो फक्त ऑलिंपियासाठी लिहिता आला नसता. त्याच राज्यात एकाच औषधाच्या दुकानावर जगणारी गावं आहेत. आणि नकाराची यादी एका गोळीवर थांबत नाही. राज्याच्या बाजूनं खटल्यात उतरलेल्यांमध्ये एचआयव्हीबाधित माणसंही होती. कुणाच्या आजाराबद्दल कुणाच्या मनात काय मत असेल, याचा नेम नाही, हे त्यांना अनुभवानं कळत होतं. ॲरिझोनात २०१८ मध्ये एका स्त्रीच्या पोटातल्या गर्भाची वाढ थांबली होती. तो बाहेर पडावा म्हणून डॉक्टरांनी मिसोप्रोस्टॉल हे औषध लिहून दिलं. काउंटरवर, पाठीमागे गिऱ्हाइकं उभी असताना आणि सोबत स्वतःचं सात वर्षांचं मूल असताना, तिला नकार ऐकावा लागला. पोटातलं ते मूल तिला हवं होतं.

भारतात हा वाद श्रद्धेच्या नावानं फारसा होत नाही. कायदा तर फ्रान्ससारखाच आहे : औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ च्या परिच्छेद २८ नुसार दुकानदारानं आपल्याकडे असलेलं औषध ते विकत घेऊ पाहणाऱ्या ग्राहकाला नाकारायचं नाही. पळवाट ‘आपल्याकडे असलेलं’ या दोन शब्दांत आहे. ऑलिंपियाच्या मालकांना नऊ वर्षं भांडून जे मिळालं नाही, ते आपल्याकडे माल न मागवून मिळतं. लिव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी देशात २००५ पासून चिठ्ठीशिवाय विकता येते, तरी चेन्नईत ती वर्षानुवर्षं बहुतेक दुकानांत मिळेनाशी होती. महाराष्ट्रात २०१२ मध्ये परळीचं स्त्री-भ्रूणहत्येचं प्रकरण उघडकीला आलं. त्यानंतर अन्न व औषध प्रशासनानं गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीवर करडी नजर ठेवली. तपासणी, नोंदवही, नोटिसा यांचा ससेमिरा नको म्हणून असंख्य मेडिकलवाल्यांनी त्या ठेवणंच बंद केलं. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या मनात धर्माचा विचारही नसेल. पण डॉक्टरची रीतसर चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईला ऐकू येतं ते तेच : ‘आमच्याकडे नाही, पुढे बघा.’ पुढे म्हणजे कुठे, हे तिला कुणी सांगत नाही. मेनोमनीच्या मुलीलाही कुणी सांगितलं नव्हतं.

(पुढील आठवड्यात : पोटातल्या अल्सरवर निघालेलं मिसोप्रोस्टॉल प्रसूतिगृहात कसं पोचलं, आणि मेडिकलच्या फळीवरून कसं उतरलं.)