लडाखच्या थंडीत डिझेल पिकअप : पहाटेच्या जाळापेक्षा हिवाळ्यापूर्वीची तयारी मोलाची

लेह : लडाखमध्ये हिवाळ्यातील पहाटे वाहन सुरू करणे हे दिवसातील पहिले आणि बहुधा सर्वांत अवघड काम ठरते. पारा उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरलेल्या रात्रीनंतर टाकीतील डिझेल दाटते, बॅटरी क्षीण होते आणि इंजिनातील तेल काकवीसारखे घट्ट बनते. धान्य, भाजीपाला व गॅस सिलिंडर गावोगावी पोहोचवणाऱ्या पिकअपच्या मालकाचा त्या दिवसाचा रोजगार अशा वेळी एका फिल्टरवर अवलंबून असतो. वाहन निर्जन घाटात बंद पडले, तर प्रश्न केवळ रोजगाराचा राहत नाही, चालकाच्या जिवावर बेतते.

डिझेल का गोठते?

डिझेलमध्ये पॅराफिन हा मेणासारखा घटक नैसर्गिकरीत्या विरघळलेला असतो. तापमान घसरू लागले की त्याचे सूक्ष्म स्फटिक तयार होतात आणि इंधन धुरकट दिसू लागते. पुढे हेच स्फटिक इंधन फिल्टरच्या जाळीत अडकतात. त्यामुळे टाकीतील डिझेल पूर्णपणे थिजण्याच्या बरेच आधी इंजिनाचा इंधनपुरवठा तुटतो. वाहन सुरू होऊन काही अंतर धावते आणि मग अचानक बंद पडते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

या अडचणीवर उपाय म्हणून इंडियन ऑईलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी हिवाळी श्रेणीचे डिझेल उपलब्ध करून दिले. हरियाणातील पानिपत शुद्धीकरण प्रकल्पात तयार झालेले हे इंधन उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते. मात्र मैदानी प्रदेशातून सामान्य डिझेल भरून आलेल्या वाहनात ते वरून ओतल्यास त्याचा लाभ घटतो. टाकीत, नळ्यांत आणि फिल्टरमध्ये जुने इंधन शिल्लक असते. म्हणून कडाक्याची थंडी पडण्यापूर्वी सामान्य डिझेल शक्य तितके संपवावे आणि हिवाळी डिझेल भरल्यानंतर काही अंतर वाहन चालवून ते संपूर्ण यंत्रणेत पोहोचू द्यावे.

उंचीची भर

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत जेमतेम दोन तृतीयांश असतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली गेल्याने निर्माण होणाऱ्या उष्णतेनेच इंधन पेटते. हवा विरळ आणि इंजिनाचे धातू गारठलेले असल्यास ही उष्णता अपुरी पडते. इंजिन सुरू होईपर्यंत टर्बोचार्जरचीही मदत मिळत नाही. त्यामुळे सिलिंडर तापवणारे ग्लो प्लग येथे निर्णायक ठरतात. चावी फिरवल्यावर त्यांचा दिवा विझेपर्यंत थांबणे आणि एखादा प्लग निकामी झाल्यास हिवाळ्यापूर्वीच तो बदलणे आवश्यक असते.

बॅटरीची परीक्षाही याच क्षणी होते. उणे १८ अंशांना तिची क्षमता जवळपास निम्म्यावर येते, तर दाट तेलामुळे इंजिन फिरवण्यासाठी लागणारी शक्ती वाढते. महाराष्ट्रासारख्या उष्ण प्रदेशात सर्रास वापरले जाणारे १५डब्ल्यू-४० श्रेणीचे तेल येथे जड पडते. वाहन उत्पादकाच्या पुस्तिकेत परवानगी असल्यास ५डब्ल्यू श्रेणीचे तेल वापरणे हितावह ठरते. रेडिएटरमध्ये केवळ पाणी असल्यास ते गोठून प्रसरण पावते आणि इंजिनाला तडा जाऊ शकतो. इथिलीन ग्लायकॉल व पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण मात्र सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही.

जुने उपाय, नवी इंजिने

टाकीखाली जाळ करणे आणि डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे हे थंड प्रदेशातील चालकांचे जुने उपाय. पहिल्यात आगीचा धोका उघड आहे. दुसऱ्याचा धोका लगेच दिसत नाही. रॉकेलची वंगणक्षमता कमी असते आणि आधुनिक इंजिनांतील उच्च दाबाचा पंप व इंजेक्टर यांचे वंगण इंधनावरच अवलंबून असते. शिवाय १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनुसार डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत १० भागांपेक्षा अधिक नसावे लागते. रॉकेलमधील अधिक गंधक धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची हानी करते. एका पहाटेची सोय अशा रीतीने हजारो रुपयांच्या दुरुस्तीत बदलू शकते.

रात्रभर इंजिन चालू ठेवण्याची सवयही महागात पडते. धीम्या गतीने चालणाऱ्या इंजिनाचा धूर पुरेसा तापत नाही आणि त्यातील काजळी गाळणारा फिल्टर तुंबतो. बंदिस्त जागेत तर विषारी कार्बन मोनॉक्साइडमुळे प्राण जाऊ शकतात. ज्या वाहनांत युरियाचे द्रावण, म्हणजे डीईएफ, वापरले जाते, तेथे ते उणे ११ अंशांना गोठते. ते वितळवण्याची सोय वाहनातच असते. त्यात पाणी किंवा अन्य रसायन मिसळू नये.

रोजची शिस्त

संध्याकाळी टाकी भरलेली ठेवल्यास रिकाम्या जागेतील बाष्पाचे पाणी होण्याचे प्रमाण घटते. फिल्टरखाली साचलेले पाणी नियमित काढावे आणि एक नवा फिल्टर वाहनात जवळ बाळगावा. ओला हँडब्रेक गोठून अडकू शकतो. त्यामुळे सपाट जागी वाहन गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावणे सोयीचे असते. रिकाम्या पिकअपचा मागील भाग हलका असल्याने बर्फावर मागची चाके घसरतात. तेथे चाकांच्या साखळ्या आणि मागील आसावर नीट बांधलेली वाळूची पोती उपयोगी पडतात.

यांपैकी बहुतेक कामे ऑक्टोबरच्या उन्हात, एखाद-दुसऱ्या दिवसात उरकता येतात. जानेवारीच्या पहाटे, बोटे बधिर झालेली असताना, तीच कामे जवळपास अशक्य होतात.