पनाश : टोपीवरच्या पिसाचा प्रवास

इंग्रजी वृत्तपत्रांतील क्रिकेटची वर्णने वाचणाऱ्यांना ‘पनाश’ हा शब्द अपरिचित नसावा. पाहणाऱ्याचे डोळे दिपावेत अशा थाटात एखाद्या फलंदाजाने शतक पूर्ण केले की तो ‘पनाशने’ खेळला असे लिहिले जाते. हॉटेले, दागिने आणि लग्नसमारंभ यांच्या जाहिरातींचाही हा लाडका शब्द आहे. ऐट, दिमाख, रुबाब असे त्याचे अर्थ सांगता येतात. ते चुकीचे नाहीत, परंतु अपुरे आहेत. आणि ते अपुरे का आहेत हे कळण्यासाठी शब्दाच्या उगमापर्यंत जावे लागते.

पनाश मूळचा एक पिसांचा तुरा आहे. लॅटिन भाषेत ‘पिन्ना’ किंवा ‘पेन्ना’ म्हणजे पीस. त्यापासून लहान पीस या अर्थाचा शब्द झाला, तो इटालियनमध्ये ‘पेन्नाक्यो’ झाला आणि फ्रेंचांनी त्याचा ‘पनाश’ केला. शिरस्त्राणावर किंवा टोपीवर खोवलेला पिसांचा झुबका, एवढाच त्याचा अर्थ होता. याच अर्थाने तो सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. आपल्या खिशातले पेनही याच कुळातले, कारण पूर्वी पिसाचा बोरू करून लिहीत. पेन्सिलीचे मात्र या घराण्याशी काही नाते नाही. ती लहान कुंचल्याच्या अर्थाच्या वेगळ्याच लॅटिन शब्दावरून आली. संस्कृतातील ‘पत्र’ हा शब्द मात्र ‘पेन्ना’चा दूरचा आप्त आहे. पत्र म्हणजे पंख, पत्र म्हणजे पान, आणि पुढे पत्र म्हणजे लिहिलेला कागद. पिसापासून लेखनापर्यंतची वाट दोन्हीकडे सापडावी, हा योगायोग मोठा मनोहर आहे.

पिसाला पराक्रमाचा अर्थ चिकटला तो रणांगणावर. १४ मार्च १५९० रोजी इव्री येथे फ्रान्सचा राजा चौथा हेन्री कॅथलिक लीगच्या सैन्याशी लढला आणि जिंकला. निशाण दिसेनासे झाले तर माझ्या शिरस्त्राणावरील पांढऱ्या तुऱ्यामागे या, असे त्याने सैनिकांना सांगितल्याची आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, तिच्यातला विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. जो तुरा आपल्या सैनिकांना दिसतो, तोच शत्रूच्या नेमबाजालाही दिसतो. तुरा मिरवणे म्हणजे स्वतःहून लक्ष्य होणे.

नेमकी हीच छटा एदमों रोस्तां या नाटककाराने उचलली. त्याचे ‘सिरानो द बर्जराक’ हे नाटक २८ डिसेंबर १८९७ रोजी पॅरिसच्या रंगभूमीवर प्रथम आले. लांब नाकाचा, शूर आणि हजरजबाबी सिरानो आयुष्यभर आपले प्रेम बोलून दाखवत नाही. अखेरच्या अंकात डोक्यावर लाकूड पडून तो मरणोन्मुख होतो, आणि सर्वस्व गमावले तरी एक गोष्ट निष्कलंक घेऊन जात असल्याचे सांगतो. ती गोष्ट म्हणजे ‘पनाश’. नाटकातला शेवटचा शब्द तोच. पुढे फ्रेंच अकादमीत प्रवेश करताना केलेल्या भाषणात रोस्तांने या शब्दाचा उलगडाही केला. संकटासमोर विनोद करण्याची सभ्यता, असा त्याचा आशय होता. नाटक इंग्लंड-अमेरिकेत गाजले आणि इंग्रजीतील पिसाला ‘झोकदार धैर्य’ हा नवा अर्थ मिळाला. तेव्हापासून धैर्य हळूहळू गळत गेले, झोक तेवढा उरला.

मराठीत प्रतिशब्द शोधायचा तर ‘ऐट’ पोकळ असू शकते, ‘रुबाब’ दुसऱ्यावर गाजवायचा असतो, आणि ‘दिमाखा’त धोका पत्करण्याचा भाव नाही. ‘तुरा’ मात्र जवळचा आहे. ‘शिरपेचात मानाचा तुरा’ आपण आजही सहज म्हणतो, आणि कलगी-तुऱ्याच्या फडात शक्ती श्रेष्ठ की शिव, यावर शाहीर रात्ररात्र झुंजत असत. मानाचा तुरा कर्तृत्वाने मिळतो. पनाश मात्र हरणाऱ्यालाही शोभतो. हा भेद राहतोच.

या शब्दाची दुसरी बाजू अहिंसेचा संस्कार असलेल्या वाचकाला अस्वस्थ करील. रोस्तांचे नाटक गाजत होते त्याच काळात युरोप-अमेरिकेतील स्त्रियांच्या टोप्यांवर पिसांचे ढीग चढले होते. सर्वांत अधिक मागणी बगळ्याच्या पाठीवरील तलम पिसांना होती. वजनागणिक भाव सोन्याहून चढा होता. ही पिसे फक्त विणीच्या हंगामात येतात. त्यामुळे शिकारी घरट्यांवरच टपून बसत; आई-बाप मारले जात आणि पिल्ले उपाशी मरत. याविरुद्ध १८८९ मध्ये मँचेस्टरजवळच्या डिड्सबरीत एमिली विल्यमसन यांनी स्त्रियांची एक संस्था उभी केली. खाण्यासाठी न मारलेल्या पक्ष्याचे पीस वापरणार नाही, अशी सदस्यांची प्रतिज्ञा होती; अपवाद फक्त शहामृगाचा. ही प्रतिज्ञा अर्धीच होती, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि याच आणि अशाच दुसऱ्या एका गटाच्या एकत्र येण्यातून इंग्लंडची आजची मोठी पक्षिसंरक्षण संस्था घडली. हिंदुस्थानातून पिसांच्या निर्यातीला १९०२ मध्ये बंदी झाली. ब्रिटिश संसदेने आयातबंदीचा कायदा करण्यास मात्र १९२१ साल उजाडले. तोवर टोप्यांची फॅशनही बदलू लागली होती.

पुढे टोपीवरचे पीस गेले आणि शब्द तेवढा राहिला. बगळ्यांच्या पाठीवर मात्र विणीच्या दिवसांत ती झिरझिरीत पिसे आजही येतात. जोडीदाराला दाखवण्यापुरती, आणि हंगाम सरला की गळून जातात.