गुलामांची लेखणी आणि आपला अभ्यासवर्ग

आमच्या वसाहतीतील विहारात दर रविवारी सकाळी दहावी ते बारावीच्या मुलामुलींचा अभ्यासवर्ग भरतो. बँकेची नोकरी सांभाळून आम्ही तेथे इंग्रजी शिकवतो. गेल्या वर्षी पाठ्यपुस्तकाबाहेरचे काही वाचावे म्हणून फ्रेडरिक डग्लस या एकेकाळच्या अमेरिकन गुलामाच्या आत्मचरित्रातील काही पाने आम्ही वर्गात वाचून दाखवली. अकरावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, गुलामांना शिकायची बंदी होती म्हणता, मग ह्यांनी पुस्तक लिहिलं कसं?" त्याच आठवड्यात एका पालकांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, "साहेब, पोरांना स्पर्धा परीक्षेचं गणित शिकवा. अमेरिकेतल्या गुलामांचं घेऊन काय करायचंय?" दोन्ही प्रश्न रास्त होते. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देता देता पालकांच्याही प्रश्नाचे उत्तर सापडेल, या आशेने हा लेख लिहीत आहोत.

माणसांचा हिशेब

1619 साली इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीच्या किनाऱ्यावर वीसेक आफ्रिकन माणसे आणून विकण्यात आली. तेथून हा व्यवहार वाढत गेला. 1793 मध्ये एली व्हिटनी याने सरकी काढण्याचे यंत्र तयार केले, कापूस हे सोन्याचे पीक झाले आणि दक्षिणेकडील मळ्यांना गुलामांची भूक लागली. 1808 पासून बाहेरून गुलाम आणण्यास कायद्याने बंदी आली खरी, पण देशातल्या देशात खरेदी-विक्री चालूच राहिली. 1860 च्या जनगणनेत गुलामांची संख्या सुमारे 40 लाख होती. त्या जनगणनेचे गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव असे. त्याखाली गुलामाचे वय, लिंग आणि रंग. गुलामाचे नाव मात्र सहसा नसे.

आम्ही बँकेत काम करतो, म्हणून आणखी एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. 2005 मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या बँकेने जाहीर कबुली दिली की, पुढे तिच्यात विलीन झालेल्या लुईझियाना राज्यातील दोन बँकांनी 1831 ते 1865 या काळात सुमारे 13,000 गुलाम कर्जापोटी तारण म्हणून घेतले होते. कर्ज थकले तेव्हा त्यांपैकी सुमारे 1,250 माणसे बँकांच्याच मालकीची झाली. आम्ही तारणाच्या नोंदी रोज करतो. दागिना, घर, शेतजमीन. त्या रकान्यात माणूस लिहिणारा कारकूनही आमच्यासारखाच कोणी पगारदार असेल, आणि त्याचे अक्षरही सुवाच्य असेल, हा विचार अस्वस्थ करतो.

अक्षरबंदी आणि चोरून मिळवलेली अक्षरे

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळू. दक्षिण कॅरोलायनामध्ये 1740 सालीच गुलामांना लिहिणे शिकविण्यास कायद्याने मनाई झाली होती. 1831 मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर याच्या नेतृत्वाखाली गुलामांनी बंड केले. टर्नर वाचता येणारा माणूस होता. त्यानंतर दक्षिणेतील अनेक राज्यांनी शिकवण्याविरुद्धचे कायदे अधिक कडक केले.

डग्लस यांचा जन्म 1818 साली मेरीलँड राज्यात गुलाम आईच्या पोटी झाला. लहानपणी त्यांना बाल्टिमोर शहरात ह्यू ऑल्ड यांच्या घरी पाठवण्यात आले. मालकीण सोफिया ऑल्ड हिने त्यांना मुळाक्षरे आणि तीन-चार अक्षरांचे शब्द शिकवायला सुरुवात केली. नवऱ्याला हे कळताच त्याने ते बंद पाडले. गुलाम शिकला की तो गुलाम म्हणून कामाचा राहत नाही, असे त्याचे म्हणणे. ते बोलणे लहान डग्लसच्या कानांवर पडले आणि मालकाला ज्याची भीती वाटते तेच आपल्या सुटकेचे साधन आहे, हे त्याने त्या दिवशी ओळखले.

पुढचे शिक्षण त्यांनी रस्त्यावर मिळवले. घरातून निघताना ते खिशात पाव घेत आणि गल्लीतल्या गरीब, भुकेल्या गोऱ्या मुलांना तो देऊन त्या बदल्यात धडा शिकत. जहाजे बांधण्याच्या कारखान्यात सुतार लाकडांवर खुणेची अक्षरे लिहीत, ती पाहून लिहायला शिकले. मालकाच्या मुलाच्या टाकून दिलेल्या वह्यांमध्ये ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत त्यांनी अक्षर गिरवले. बारा वर्षांच्या सुमारास साठवलेल्या 50 सेंटचे त्यांनी भाषणे आणि संवादांचे एक शालेय पुस्तक विकत घेतले. त्यात एक गुलाम मालकाशी वाद घालतो आणि शेवटी मालक त्याला मुक्त करतो, असा संवाद होता. तो त्यांनी पुन्हा पुन्हा वाचला.

आणि आमच्या वर्गाने जो भाग दोनदा वाचायला लावला तो असा: सोळा-सतरा वर्षांचे असताना डग्लस यांनी इतर गुलामांसाठी रविवारची शाळा चालवली. पूर्वीच्या एका ठिकाणी अशीच शाळा गोऱ्यांनी काठ्या घेऊन येऊन उधळली होती. तरीही त्यांनी एका स्वतंत्र कृष्णवर्णीयाच्या घरी गुपचूप पुन्हा सुरुवात केली. एक वेळ अशी आली की विद्यार्थी 40 हून अधिक झाले. रविवार हा त्यांचा एकच मोकळा दिवस. तो त्यांनी अक्षरांसाठी दिला.

चळवळ उभी राहिली ती छापखान्यातून

1 जानेवारी 1831 रोजी बोस्टन शहरात विल्यम लॉइड गॅरिसन या गोऱ्या संपादकाने 'लिबरेटर' हे साप्ताहिक सुरू केले. गुलामगिरी हळूहळू नव्हे तर ताबडतोब संपली पाहिजे, ही त्यांची मागणी होती. येथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे या पत्राचे सुरुवातीचे बहुसंख्य वर्गणीदार उत्तरेकडील स्वतंत्र कृष्णवर्णीय होते. फिलाडेल्फियाचे शिडांचे कारखानदार जेम्स फोर्टन यांच्यासारख्यांनी पैशाचे बळ दिले. म्हणजे नाव गॅरिसन यांचे झाले, पण पत्र जगवले ते ज्यांच्यासाठी ते निघत होते त्यांनीच. 1833 मध्ये अमेरिकन गुलामगिरीविरोधी संस्था स्थापन झाली. विरोधही तितकाच कडवा होता. 1835 मध्ये चार्ल्स्टन येथे जमावाने टपालातून आलेली चळवळीची पत्रके जाळली. 1837 मध्ये इलिनॉय राज्यातील ऑल्टन येथे संपादक एलायजा लव्हजॉय यांची छापखान्याचे रक्षण करताना हत्या झाली.

डग्लस 1838 मध्ये खलाशाच्या वेशात, दुसऱ्याची कागदपत्रे खिशात घेऊन उत्तरेकडे पळाले. 1841 पासून ते चळवळीच्या सभांतून बोलू लागले. त्यांचे बोलणे इतके मुद्देसूद असे की हा माणूस गुलाम होता यावर लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा 1845 मध्ये त्यांनी नावागावासह आत्मचरित्र प्रसिद्ध केले. मुखपृष्ठावर 'स्वतः लिहिलेले' असे मुद्दाम छापावे लागले आणि पुढे गोऱ्या सहकाऱ्यांची प्रस्तावना जोडावी लागली. खरे नाव छापल्यामुळे पकडले जाण्याचा धोका निर्माण झाला, म्हणून ते ब्रिटन-आयर्लंडला गेले. तेथील मित्रांनी पैसे जमवून 1846 मध्ये त्यांची सुटका विकत घेतली.

परत आल्यावर त्यांनी स्वतःचे वर्तमानपत्र काढायचे ठरवले, तेव्हा गॅरिसन यांच्यासह जवळच्या मित्रांनीच नापसंती दाखवली. तुम्ही हकीगत सांगा, विचार मांडायचे काम आमच्यावर सोडा, असा सल्ला त्यांना पूर्वी एका सहकाऱ्याने दिलाच होता. डग्लस यांनी कोणाचेही न ऐकता डिसेंबर 1847 मध्ये रॉचेस्टर येथून 'नॉर्थ स्टार' सुरू केले. मदत करणाऱ्याचे आभार मानावेत, पण आपला विचार आपणच मांडावा, हा धडा आम्हाला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो.

दोन स्त्रियांची दोन पुस्तके

1850 च्या कायद्याने पळालेल्या गुलामांना पकडून देणे उत्तरेकडील नागरिकांवरही बंधनकारक झाले. त्या संतापातून हॅरिएट बीचर स्टो या गोऱ्या लेखिकेने 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी लिहिली. ती 1851 पासून साप्ताहिकात क्रमशः आली आणि मार्च 1852 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. पहिल्याच वर्षी अमेरिकेत तिच्या तीन लाख प्रती खपल्या. ज्या घरात चळवळीचे पत्रक कोणी हाती धरले नसते, तेथे ही कादंबरी पोचली. मात्र पुढील काळात 'अंकल टॉम' हा शब्द मालकापुढे वाकणाऱ्यासाठी शिवी म्हणून वापरला जाऊ लागला. जेम्स बाल्डविन यांनी 1949 मध्ये या कादंबरीवर कठोर टीका केली. उपकार झाले हे खरे, आणि चित्र अपुरे होते हेही खरे. मुलांना दोन्ही सांगावे.

दुसरे पुस्तक हॅरिएट जेकब्स यांचे. मालकाच्या वासनेपासून सुटण्यासाठी त्या उत्तर कॅरोलायनातील ईडन्टन गावी आजीच्या घराच्या छपराखालील पोकळीत जवळजवळ सात वर्षे लपून राहिल्या. ती जागा नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि सर्वांत उंच ठिकाणी तीन फूट होती. त्यात धड उभेही राहता येत नव्हते. खाली स्वतःची मुले खेळताना त्या फटीतून पाहत. हाक मात्र मारता येत नसे. 1861 मध्ये त्यांनी 'लिंडा ब्रेंट' या टोपणनावाने आपली कहाणी प्रसिद्ध केली. पुढे सुमारे शतकभर अनेक विद्वान हे पुस्तक म्हणजे त्याची संपादिका लिडिया मारिया चाइल्ड हिने रचलेली कादंबरी असावी असे मानत राहिले. 1980 च्या दशकात जीन फेगन येलिन या संशोधिकेने पत्रे आणि कागदपत्रे तपासून ते जेकब्स यांनीच लिहिल्याचे सिद्ध केले. गुलाम बाई असे लिहू शकेल, हे मान्य व्हायला इतकी वर्षे लागली!

पाठ्यपुस्तकात कोण?

1863 च्या जाहीरनाम्याने बंडखोर राज्यांतील गुलाम मुक्त घोषित झाले आणि डिसेंबर 1865 मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी देशभर संपली. कायद्याचे हे असे झाले. पुस्तकांचे काय झाले?

आम्ही बी.ए.ला अमेरिकन साहित्य वाचले. इमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेलव्हिल, व्हिटमन. गुलामगिरीला पाठबळ देणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून थोरो 1846 मध्ये एक रात्र तुरुंगात गेले, हे आम्हाला शिकवले. पण ज्यांच्यासाठी गेले त्यांच्यापैकी कोणी लिहिलेले एक पानही अभ्यासक्रमात नव्हते. पुढे कळले की ही उणीव फक्त आमच्या महाविद्यालयाची नव्हती. एफ. ओ. मॅथिसन यांनी 1941 मध्ये लिहिलेल्या गाजलेल्या ग्रंथाने याच पाच लेखकांना त्या युगाचे प्रतिनिधी ठरवले होते. डग्लस यांचे पहिले आत्मचरित्र तर कित्येक दशके बाजारात मिळतच नव्हते. 1960 मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. त्यानंतर नागरी हक्कांची चळवळ विद्यापीठांत शिरली, 1968-69 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यार्थ्यांनी दीर्घ संप करून कृष्णवर्णीयांच्या अभ्यासाचा विभाग मिळवला, आणि हळूहळू अभ्यासक्रम बदलले. आज डग्लस यांचे पुस्तक अमेरिकेतील अनेक शाळांत वाचले जाते. ते आपोआप तेथे पोचले नाही. विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी ते पोचवले.

आपले नाते

हे नाते आम्ही ओढूनताणून जोडत नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' ग्रंथ प्रसिद्ध केला तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जन लोकांना अर्पण करून. तेराव्या घटनादुरुस्तीला तेव्हा आठच वर्षे झाली होती. त्याआधी 1855 मध्ये फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. 1946 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या आणि ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिले. 1972 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून आले. 1978 मध्ये दया पवार यांचे 'बलुतं' आले, 1986 मध्ये बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आले.

अर्थात गुलामगिरी आणि अस्पृश्यता एकच नव्हेत. बाबासाहेबांनी स्वतः दोन्हींची तुलना करून त्यांतील फरक दाखवले आहेत. मुलांनी साम्य पाहावे, तसा फरकही पाहावा. नाहीतर अभ्यास होत नाही, नुसती घोषणा होते.

म्हणून आम्ही वर्गात कोणतेही पुस्तक उघडताना चार प्रश्न फळ्यावर लिहितो: हे कोणी लिहिले? कोणासाठी लिहिले? कोणी छापले? आणि यात कोणाचे नाव नाही? एवढ्या चार प्रश्नांनी मूल पुस्तकापुढे मान खाली घालत नाही, त्याच्याशी बोलू लागते.

त्या पालकांना आम्ही हे सर्व एका बैठकीत सांगितले नाही. आमच्या काउंटरवर आजही अंगठा उठवणारी म्हातारी माणसे येतात. शाईच्या पॅडवर अंगठा दाबताना ती आमच्याकडे न पाहता दुसरीकडे पाहतात. एवढेच आम्ही त्यांना सांगितले आणि डग्लस यांच्या पावाची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझ्या आईचापण अंगठाच होता."

आता अभ्यासवर्गात पहिला तास गणिताचा आणि दुसरा वाचनाचा असतो. गणिताच्या तासाला ते स्वतः मुलांना पाढे विचारतात आणि वाचनाच्या तासाला मागच्या सतरंजीवर बसून ऐकतात. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी पुस्तके धूळ खात पडली असतील त्यांनी ती विहारातील कपाटासाठी द्यावीत, आणि ज्यांना रविवारचा एक तास देता येईल त्यांनी तो द्यावा, ही नम्र विनंती.