अडकणारे बोट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सकाळी मूठ उघडू जावे तो एखादे बोट वाकलेलेच राहावे, दुसऱ्या हाताने ओढताच खटका बसून ते सरळ व्हावे, आणि दिवस चढेल तशी ही पीडा सौम्य होत गेल्याने तिची फिर्याद डॉक्टरांपर्यंत पोहोचूच नये, अशी ज्या विकाराची सर्वसाधारण हकीगत असते, त्यास ‘ट्रिगर फिंगर’ म्हणतात. फ्रेंच शल्यविशारद नोटा यांनी १८५० साली त्याचे वर्णन करून ठेवले असले, तरी त्याविषयीचे अज्ञान आपल्याकडे अद्याप पुष्कळ आहे.

खटका बोटाच्या मधल्या सांध्यात जाणवतो, म्हणून सांध्यात वात शिरला किंवा हाड सरकले असा समज सहज होतो. वास्तविक दोष असतो तो तळहातावर, बोटाच्या मुळाशी. बोट वाकवणारी कंडरा एका आवरणातून सरकते, आणि हे आवरण ठिकठिकाणी मजबूत कड्यांनी हाडाशी जखडलेले असते. त्यांतील पहिली कडी जाड होऊन तिची वाट अरुंद झाली आणि कंडरेवर सुजेची गाठ आली, की गाठ पडलेली नाडी नेफ्यात अडकावी तशी ती कंडरा अडकते. तेव्हा कॅल्शियमच्या गोळ्यांनी हा अडथळा दूर होत नाही. आणि जोराने मालिश करणे किंवा हाडवैद्याकडून बोट ओढून घेणे यांनी तर आधीच सुजलेली जागा अधिकच डिवचली जाते.

कष्टाची कामे करणाऱ्यांनाच हा विकार जडतो, हेही अर्धसत्य होय. वारंवार घट्ट पकड धरण्याचा काही वाटा असतो खरा. परंतु मधुमेह, संधिवात आणि थायरॉइडची न्यूनता असणाऱ्यांत तो अधिक आढळतो, आणि चाळिशी ते साठीच्या स्त्रियांत विशेष. एकाहून अधिक बोटे अडकू लागली, तर रक्तातील साखर तपासून घेणे अगत्याचे आहे.

आरंभीच्या अवस्थेत पकडीची कामे कमी करणे आणि काही आठवडे, विशेषतः रात्री, बोटाला पट्टी लावणे एवढ्याने पुष्कळांचे भागते. तेवढ्याने न भागल्यास स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले जाते, आणि त्या नावानेच लोक दचकतात. वस्तुतः ही अल्प मात्रा बोटाच्या मुळाशी, त्या आवरणापाशीच दिली जाते, आणि निम्म्याहून अधिक रुग्णांना तीच पुरेशी ठरते. गुण मात्र एका रात्रीत येत नाही. काही दिवस, क्वचित काही आठवडे लागतात. मधुमेहींत यशाचे प्रमाण कमी असते व साखर काही दिवस वाढते, म्हणून आपला आजार डॉक्टरांपासून लपवू नये. दोन-तीन इंजेक्शनांनंतरही खटका परत आला, तर पुन्हा पुन्हा टोचून घेण्यात हशील नाही.

सर्वांत घातक गैरसमज शस्त्रक्रियेविषयीचा, की तीत ‘शीर कापतात’ आणि बोट कायमचे लुळे पडते. ज्यांचे पोट हातावर आहे अशी माणसे या एका भीतीपायी वर्षानुवर्षे अडकलेले बोट घेऊन राबतात, याचे मला फार वाईट वाटते. तळहातावर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा छेद घेऊन केवळ ती अरुंद कडी उभी चिरून मोकळी करतात. कंडरा शाबूत राहते, आणि पुढच्या कड्या तिला धरून ठेवण्यास समर्थ असतात. भूल बहुधा तेवढ्या जागेपुरतीच असल्यामुळे रुग्ण जागा असतो, आणि मेजावरच त्याला बोट हलवायला सांगून खटका गेल्याची खात्री करून घेता येते. काम पाऊण तासाच्या आतले. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. सुईने कडी मोकळी करण्याचीही पद्धत आहे. अंगठ्यात मात्र मज्जातंतू अगदी जवळून जात असल्याने पुष्कळ शल्यविशारद उघडा छेदच पसंत करतात. जंतुसंसर्ग, मज्जातंतूला इजा, ताठरपणा हे धोके विरळ आहेत, तथापि ते आधी विचारून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे.

शस्त्रक्रियेनंतर हात झोळीत बांधून ठेवणे ही मोठी चूक होय. बोट त्याच दिवसापासून पूर्ण वाकवावे, पूर्ण सरळ करावे, आणि सूज उतरावी म्हणून हात उंच ठेवावा. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. जेवणे, लिहिणे यांसारखी हलकी कामे काही दिवसांतच जमतात. कणीक तिंबणे, भरलेली बादली उचलणे, यांना तीन-चार आठवड्यांची मुदत द्यावी. व्रणाचा हुळहुळेपणा काही आठवडे टिकतो, आणि बोट दीर्घकाळ अडकलेले असेल तर मधल्या सांध्याची सूज व ताठरपणा ओसरण्यास सहा महिनेही लागतात. तो शस्त्रक्रिया फसल्याचा पुरावा समजू नये.

लहान मुलांचा अंगठा असा वाकून राहिला, तर तो ओढू नये. कित्येकांचा काही काळाने आपोआप मोकळा होतो, न झाल्यास छोटी शस्त्रक्रिया पुरते. प्रौढांनी मात्र, दुसऱ्या हाताने ओढूनही बोट सरळ होईनासे झाले असेल, तर विलंब न लावता हाताच्या शल्यविशारदाकडे जावे. कारण सांधा एकदा वाकलेल्या अवस्थेत आखडला, की कडी मोकळी करूनही बोट पूर्ण सरळ होईलच असे नाही.