वाई ते कराड: कृष्णेकाठची सायकलवाट

कृष्णा क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या दोन सोंडांमधून खाली उतरते आणि धोमपाशी धरणात अडते. तिथून कराडच्या संगमापर्यंतचा काठ सातारा जिल्ह्याचा जुना कणा आहे. घाट, वाडे, देवळे, समाध्या आणि बाजारगावे या पट्ट्यात एकमेकांपासून तासा-दोन तासांच्या सायकल-अंतरावर आहेत. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटरवर, तर कराड साडेपाचशेच्या थोडे वर. मधल्या शंभरेक किलोमीटरमध्ये उतार इतका विरघळून जातो की तो पायांना जाणवत नाही. चढ हवा असेल त्याला तो वाईच्या दोन्ही बाजूंच्या डोंगरांत भरपूर मिळतो.

पुणे-बंगळूर महामार्ग हे खोरे उभे चिरून जातो. मोटारीने जाणाऱ्याला कृष्णा फक्त पुलावरून, क्षणभर दिसते. पाहण्यासारखे जवळपास सगळे महामार्गापासून आत, नदीच्या अंगाला आहे. त्यामुळे या खोऱ्याची आखणी जणू सायकलसाठीच केलेली वाटते.

पुण्याकडून येणाऱ्याने खंबाटकी घाट ओलांडल्यावर सुरूरला महामार्ग सोडावा. सुरूर ते वाई हा सुमारे दहा किलोमीटरचा रस्ता ब्रिटिश काळात लावलेल्या वडांसाठी ओळखला जातो. भर दुपारीही इथे बऱ्याच ठिकाणी सावली असते. रस्ता सपाट आहे. महाबळेश्वरला जाणारी सगळी वाहने मात्र याच वाटेने जातात.

वाईत सायकल घाटावर न्यावी आणि तिथेच थांबावे. गावाला कृष्णेवर सात घाट आहेत आणि प्रत्येक घाटाचा कृष्णाबाईचा उत्सव वेगळा, आपापल्या दिवशी. गणपती आळीच्या घाटावरील ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये बांधले. मूर्ती सुमारे दहा फूट उंच आहे, पण बांधकामाची खरी हुशारी देवळाच्या मागच्या बाजूला दिसते. तिथली भिंत माशाच्या आकाराची, पुढे निमुळती केलेली आहे, म्हणजे पुराचे पाणी तिच्यावर आदळण्याऐवजी दुभंगून दोन्हीकडून निघून जाते. शेजारचे काशीविश्वेश्वराचे देऊळही रास्त्यांचेच, पाच वर्षे आधीचे. नानासाहेब पेशव्यांची पत्नी गोपिकाबाई ही याच रास्ते घराण्यातली. पेशवाईतला पैसा वाईच्या काठावर दगडाच्या रूपाने कसा उतरला, हे त्या सोयरिकीवरून कळते. विसाव्या शतकात गावाची ओळख बदलली. प्राज्ञपाठशाळा आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यामुळे वाई विद्येचे केंद्र झाली आणि मराठी विश्वकोशाचे काम इथूनच चालले.

वाईहून पश्चिमेला निघणारा धोमचा फाटा हा या खोऱ्यातला सर्वांत चांगला सायकलरस्ता म्हणावा लागेल. तीन किलोमीटरवर मेणवली येते. इथला वाडा नाना फडणवीसांचा. ऐसपैस चौक, भिंतींवर राहिलेली चित्रे आणि मागच्या दाराने थेट नदीवर उतरणारा चंद्रकोरी घाट, असा त्याचा थाट आहे. घाटावरच्या मेणवलेश्वराच्या देवळाजवळ एक मोठी पंचधातूची घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आणि 1707 हे साल आहे. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेनंतर, 1739 मध्ये, मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ज्या घंटा आणल्या त्यांपैकी ही एक. ‘स्वदेस’ चित्रपटातले गाव म्हणून मेणवली अनेकांच्या डोळ्यांपुढे असते. घंटेकडे मात्र चित्रपटाच्या ओढीने आलेले बरेच जण ढुंकूनही पाहत नाहीत.

पुढे धोम गाव वाईपासून आठेक किलोमीटरवर आहे. तिथल्या शिवमंदिरासमोरचा नंदी कासवाच्या पाठीवर बसवलेला असून खाली कमळाच्या आकाराचे कुंड आहे. कुंड भरले की कासव नंदीला घेऊन पोहत असल्याचा भास होतो. धरणाची मातीची भिंत गावाच्या डोक्यावरच आहे. जलाशयाच्या कडेने रस्ता आणखी आत बलकवडी धरण आणि जोर गावाच्या दिशेने जातो. एका हाताला कमळगडाची सोंड, दुसऱ्या हाताला पाणी, वाहने तुरळक. जोरच्या पुढे महाबळेश्वरला फक्त पायवाट चढते, त्यामुळे आल्या वाटेने परतावे लागते. रस्ता अरुंद आहे आणि पावसाळ्यात त्यावर ओढ्यांनी आणलेली खडी पसरते. बारीक टायरच्या सायकली इथे जपून चालवाव्यात. आत पंक्चरचे दुकान सापडण्याची खात्री नाही. जादा ट्यूब आणि पंप जवळ हवाच.

शरीराची परीक्षा पाहणारे लोक धोमला न जाता पसरणी घाट गाठतात. पायथ्याचे पसरणी हे शाहीर साबळे यांचे जन्मगाव. गाव सोडले की वळणे सुरू होतात आणि पाचगणीपर्यंतच्या दहा-अकरा किलोमीटरमध्ये सुमारे साडेपाचशे मीटरची चढाई होते. सरासरी चढ पाच टक्क्यांच्या आसपास पडतो. तो एकसारखा आहे, छातीवर येणारा नाही. नवशिक्यालाही हलका गिअर लावून, न थांबता वर जाता येते. प्रत्येक वळणावर धोमचा जलाशय आणि वाईची शेते थोडी अधिक खाली गेलेली दिसतात. पाचगणीच्या टेबललँडच्या माथ्याला जांभ्याचे टोपण आहे. पावसाने आजूबाजूचा दगड झिजवला, पण हे कठीण टोपण टिकले, म्हणून माथा असा सपाट राहिला. पाचगणीपासून महाबळेश्वर आणखी वीसेक किलोमीटर आहे. घाटाची कीर्ती मोठी असली तरी शनिवार-रविवारी तिथे सायकल चालवण्यात आनंद नाही. पर्यटकांच्या मोटारींची रांग लागते आणि उतरताना ओव्हरटेक करणारे समोरून अंगावर येतात. घाट करायचाच तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, उजाडताच करावा. वाईच्या उत्तरेला मांढरदेवीचा घाट त्याहून खडा आणि एरवी बराच निवांत आहे. मात्र पौष पौर्णिमेच्या काळूबाईच्या यात्रेत त्या रस्त्याला जाऊ नये.

वाईहून साताऱ्याकडे जाताना पाचवड, भुईंजच्या परिसरात महामार्ग टाळणे अवघड आहे. शक्य तिथे सेवारस्ता धरावा आणि लिंब फाट्याला आत वळावे. लिंबची बारा मोटांची विहीर हे वळण सार्थकी लावते. विरूबाई भोसले यांनी ती शके 1641 ते 1646, म्हणजे इ.स. 1719 ते 1724 या काळात आमराईसाठी बांधवली. विहीर सुमारे 110 फूट खोल, 50 फूट व्यासाची, अष्टकोनी आहे. बारा मोटा एकदम चालतील अशी सोय वर केलेली आहे. पायऱ्यांनी खाली उतरले की कमानींच्या आत चक्क एक लहानसा महाल लागतो. बाहेर ऊन मी म्हणत असताना इथला गारवा सुखाचा वाटतो.

सातारा शहराच्या पूर्वेला कृष्णा आणि वेण्णा भेटतात. अलीकडे संगम माहुली, पलीकडे क्षेत्र माहुली. क्षेत्र माहुली हे रामशास्त्री प्रभुणे यांचे गाव. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना दोषी ठरवणारे न्यायाधीश ते हेच. संगम माहुलीला विश्वेश्वराचे देऊळ आहे, छत्रपती घराण्यातल्या समाध्या आहेत आणि शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीही समाधी आहे.

माहुलीच्या पुढे कराडला जायला दोन वाटा आहेत. महामार्गाची वाट सरळ आणि कंटाळवाणी. कृष्णेच्या डाव्या अंगाने रहिमतपूर आणि मसूरवरून जाणारी वाट सायकलसाठी योग्य. रहिमतपूरला आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाची कबर आहे. मसूरचा मारुती समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक. उंब्रज, शहापूर आणि चाफळचे मारुतीही याच टापूत असल्याने मसूर किंवा उंब्रजला मुक्काम करून त्यांची फेरी सायकलने बांधता येते. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच हळदीची शेते आणि सोबतीला पुणे-मिरज लोहमार्ग.

कराडला कृष्णा उत्तरेकडून येते, कोयना दक्षिणेकडून. महाबळेश्वरच्याच डोंगरावर जन्मलेल्या या दोन नद्या समोरासमोर येऊन मिळतात आणि मग एकत्र पूर्वेला वळतात. हा प्रीतिसंगम. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. गावाबाहेर आगाशिवच्या डोंगरात साठहून अधिक बौद्ध लेणी आहेत. तिथे सायकल पायथ्याशी ठेवून चढावे लागते.

सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी हा या प्रवासाचा चांगला काळ. डोंगर हिरवे असतात, धरण भरलेले असते. एकच अडचण म्हणजे दिवाळीच्या सुमारास सुरू होणारा गळीत हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर निम्मा रस्ता व्यापतात, अनेकांना मागचा दिवा नसतो, आणि सांडलेल्या पाचटावरून टायर घसरतो. अंधार पडल्यावर उसाच्या पट्ट्यात सायकल चालवू नये. रंगपंचमीला बावधनच्या बगाड यात्रेमुळे वाईच्या बाजूचे रस्ते माणसांनी भरून जातात, त्या दिवशी सायकल बाजूला ठेवून यात्राच पाहावी. घाईत हा सगळा पट्टा एका दिवसात होतो. नीट पाहायचा तर वाई आणि सातारा असे दोन मुक्काम धरावेत. परतीसाठी रेल्वे सोयीची आहे: सातारा स्थानक माहुलीच्या बाजूला, तर कराडचे स्थानक गावाबाहेर ओगलेवाडीला आहे.